शिदोरीचा अर्थ : यहुदी वाङ्मयातील अन्न, भेट आणि प्रवास

१

कथा-कादंबरीतील स्वयंपाकघराकडे समीक्षेने आजवर फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. पात्रांचे मनोव्यापार, कथानकाचा घाट, निवेदनाचा दृष्टिकोण यांची चर्चा होते. परंतु पात्रांनी काय रांधले, कोणाला वाढले आणि निघताना गाठोड्यात काय बांधून घेतले, हा भाग 'वातावरणनिर्मिती' या एका शब्दात आटोपला जातो. वातावरण हा शब्द मोठा सोयीचा आहे. जे आवडते पण ज्याचे कार्य सांगता येत नाही, अशा साऱ्या तपशिलाला त्या शब्दाखाली जागा मिळते. त्यामुळे प्रादेशिक म्हणून गणल्या गेलेल्या लेखनाचे विशेष नुकसान झाले आहे. अशा लेखनातील भाकरीची चव वाखाणली जाते आणि तिचा अर्थ मात्र विचारावयाचा राहून जातो.

यहुदी लोकांच्या वाङ्मयाचा विचार करू लागताच हा सोयीचा शब्द अपुरा पडतो. या लोकांच्या नित्यजीवनात अन्न ही केवळ रुचीची बाब कधीच नव्हती. काय शिजवावे, केव्हा शिजवावे, कोणत्या भांड्यात शिजवावे, कशाबरोबर खाऊ नये, कोणाकडे पाठवावे आणि ते घेऊन किती दूर जावे, या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्या शास्त्रात उत्तर आहे. अशा समाजाचा कथाकार जेव्हा पात्राच्या हाती एक ताट देतो, तेव्हा त्या ताटाबरोबर तो एक विधी, एक नाते आणि पुष्कळदा एक संकटही त्याच्या हाती देत असतो.

मराठीत 'शिदोरी' असा एक शब्द आहे. घरी केलेले, दुसऱ्याच्या हाताने बांधून दिलेले आणि वाटेवर खावयाचे अन्न, इतका सगळा अर्थ त्या एका शब्दात सामावतो. स्वयंपाक, भेट आणि प्रवास या तीन गोष्टी तो वेगळ्या राहू देत नाही. यहुदी वाङ्मयातील नित्यजीवनाचे स्वरूप समजून घेण्यास हा शब्द आधाराला घेण्याजोगा आहे. कारण तेथेही या तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करू गेल्यास त्यांचा अर्थ हरवतो.

२

ही गुंफण शास्त्रातच कशी आहे, ते प्रथम पाहावयास हवे. शब्बाथच्या दिवशी वस्तीच्या सीमेबाहेर दोन हजार हातांपलीकडे, म्हणजे सुमारे एका किलोमीटरपलीकडे, जाऊ नये असा नियम आहे. परंतु ज्याला त्यापुढे जाणे अगत्याचे असेल त्याच्यासाठी मिश्नाच्या 'एरुविन' या प्रकरणात एक वाट ठेवलेली आहे. शब्बाथ लागण्यापूर्वी, त्या मर्यादेच्या आत एखाद्या जागी दोन वेळच्या जेवणापुरते अन्न ठेवावे. मग ती जागाच त्याचे त्या दिवसाचे निवासस्थान ठरते आणि तेथून पुढे आणखी दोन हजार हात जाण्याची त्याला मुभा मिळते. भिंत नाही, छप्पर नाही. नुसते अन्न ठेवल्याने घर सिद्ध होते. जेथे आपले अन्न आहे तेथे आपले घर आहे, हा विचार येथे भावनेच्या भाषेत मांडलेला नाही, तो कायद्याच्या भाषेत मांडलेला आहे. शतकानुशतके घरे सोडावी लागलेल्या लोकांच्या वाङ्मयात हा विचार पुनःपुन्हा उमटला, तर त्यात आश्चर्य नाही.

वल्हांडणाच्या सणाची बेखमीर भाकरी हे याचे दुसरे उदाहरण होय. मिसर देशातून निघताना कणीक फुगण्याइतकाही अवधी मिळाला नाही, ही कथा त्या भाकरीच्या रूपाने दरवर्षी ताटात येते. प्रवासातील घाई हाच येथे पाककृतीचा नियम झालेला आहे. आणि पुरीमच्या सणाला एकमेकांकडे खाद्यपदार्थ पाठवावेत, हा आदेश एस्तेरच्या ग्रंथातच आहे. किमान एका व्यक्तीला किमान दोन तयार पदार्थ पाठवावेत आणि गरिबांना दान द्यावे, अशी त्याची रीत पुढे ठरली. ताल्मूदच्या 'मेगिल्ला' या प्रकरणात दोन विद्वानांचा उल्लेख आहे. ते पुरीमच्या दिवशी आपापले जेवण एकमेकांना देऊन टाकीत आणि अशा रीतीने तो आदेश पाळीत. दोघांच्याही पदरी अधिक काही उरत नसे आणि काही उणेही होत नसे. जे बदलले ते एवढेच, की प्रत्येकजण दुसऱ्याच्या घरचे अन्न जेवला. भेट या कल्पनेचे याहून नेमके विवरण क्वचितच सापडेल.

हाताने केलेल्या वस्तूचीही अशीच कथा आहे. पश्चिम जर्मनीतील यहुदी घरांत मुलाच्या सुंतेच्या वेळी वापरलेल्या कापडाच्या पट्ट्या जोडून, त्यांवर मुलाचे नाव, जन्मदिवस आणि आशीर्वाद यांचे भरतकाम करीत. आणि पुढे ते मूल स्वतः ती पट्टी प्रार्थनामंदिरात नेऊन देई. धर्मग्रंथाची गुंडाळी त्या पट्टीने बांधली जाई. ज्या कापडाने मुलाला वेढले त्याच कापडाने ग्रंथाला वेढावयाचे, या कृतीत काव्य आहे. परंतु ते काव्य कोणी लिहिलेले नाही, घरातील बायकांनी शिवलेले आहे. वाङ्मयाच्या इतिहासात त्याची नोंद होत नाही. मात्र वाङ्मयाने ते वेळोवेळी उसने घेतले आहे.

३

यिद्दिश भाषेचा थोर कथाकार शोलेम अलैखेम (१८५९-१९१६) याच्या लेखनात हे नित्यजीवन आपल्या पूर्ण वजनानिशी अवतरते. पुरीमच्या भेटीवर लिहिलेली त्याची एक विनोदी कथा प्रसिद्ध आहे. दोन घरच्या दोन मोलकरणी, दोघींचेही नाव नेहामा, आपापल्या मालकिणींनी पाठविलेली ताटे घेऊन रस्त्यात भेटतात. त्या बसतात, ताटावरचे वस्त्र बाजूला सारतात, एकमेकींच्या ताटांतील पदार्थ न्याहाळतात आणि थोडे थोडे चाखतात. ताटे पोचतात तेव्हा ती उणी झालेली असतात. उणे ताट म्हणजे अपमान. त्यातून मालकिणी भांडतात, मग नवरे भांडतात आणि सणाची भेट गावाचे भांडण होऊन बसते.

या कथेला हलकीफुलकी गंमत म्हणणे सोपे आहे. पण तिच्या रचनेकडे लक्ष दिले तर वेगळेच काही दिसते. भेटीच्या ताटाचा प्रवास हे या कथेचे सारे कथानक आहे. ताट ज्या घरातून निघते तेथे ते प्रतिष्ठेचे चिन्ह असते. ज्या घरी पोचते तेथेही ते प्रतिष्ठेचेच चिन्ह असते. मधल्या रस्त्यावर मात्र, दोन भुकेल्या मुलींच्या हाती, ते काही क्षण केवळ अन्न होते. गरिबांना द्यावे हा सणाचा दुसरा आदेश मालकिणींना आठवत नाही. तो त्या मुली आपल्यापुरता, न कळत, अमलात आणतात. शोलेम अलैखेम हे कोठेही सांगत नाही. सांगितले असते तर कथेचा बोधपाठ झाला असता. त्याने फक्त ताटे रस्त्यावर थांबविली. तपशिलाने विचाराचे काम करावे, ते असे.

तेव्ये या दूधविक्याच्या कथांत हेच अधिक गंभीर रूप घेते. पहिली कथा १८९४ च्या सुमाराची. जंगलात वाट चुकलेल्या दोन बायकांना तेव्ये आपल्या गाडीतून त्यांच्या उन्हाळी बंगल्यावर पोचवितो. बक्षीस म्हणून त्याला पैसे मिळतात, घरच्यांसाठी जेवण बांधून मिळते आणि एक गाय मिळते. त्या गायीपासून त्याचा दूधदुभत्याचा धंदा सुरू होतो. प्रवास, भेट आणि अन्न यांच्या योगाने तेव्येचे भाग्य उघडते. पुढे १९०७ मधील 'श्प्रिन्त्से' या कथेत याच तीन गोष्टी उलट्या फिरतात. शावुओथचा सण हा दुधाच्या पदार्थांचा सण. त्या दिवशी तेव्ये एका श्रीमंत विधवेच्या मुलाला आपल्या घरी, बायकोच्या हातच्या पनीर भरलेल्या घावनांसाठी बोलावतो. दूधवाल्याला दुसऱ्या कोणत्या पदार्थाचा अभिमान असणार? अहारोन्चिक मित्रांसह येतो, जेवतो आणि तेव्येच्या मुलीवर, श्प्रिन्त्सेवर, मन जडल्याचे सांगतो. काही दिवसांनी त्याचे घराणे पैसे पुढे करून संबंध तोडू पाहते आणि गाव सोडून निघून जाते. श्प्रिन्त्से नदीत जीव देते.

येथे घावन हे 'वातावरण' आहे असे कोण म्हणेल? तेव्येची चूक त्या आमंत्रणात आहे, आणि ती चूकही नव्हे, ते आतिथ्य आहे. त्याने आपल्या हातची सर्वांत चांगली वस्तू पाहुण्यापुढे ठेवली. पाहुण्याने ती विकत घेतलेल्या वस्तूसारखी खाल्ली. भेट आणि विक्री यांतील अंतर एका बाजूला कळले आणि दुसऱ्या बाजूला कळले नाही, एवढीच ही शोकांतिका आहे. नंतर पुढे केलेले पैसे हा त्या घावनांचा उशिरा आलेला हिशेब आहे. १९१४ मधील कथेत तेव्येला घरदार विकून निघावे लागते. तिचे शीर्षक अब्राहामाला झालेल्या 'निघ' या आज्ञेवरून घेतलेले आहे. ज्या आज्ञेने या लोकांच्या इतिहासाला आरंभ झाला, तीच आज्ञा येथे सरकारी हुकूम होऊन येते.

आगगाडीच्या कथांचा येथे ओझरता निर्देश पुरे. १९११ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कथांचा निवेदक फिरता व्यापारी आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्याची त्याने केलेली वाखाणणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेथे प्रवासी एकटा राहत नाही, टोपल्या उघडल्या जातात, खाणे आणि गोष्टी दोन्ही वाटल्या जातात. गोष्ट सांगणे हे शिदोरी सोडण्यासारखेच आहे, हे शोलेम अलैखेमचे कथनशास्त्र होय.

४

परंतु या विषयाची खरी कसोटी कथेत नाही, एका वहीत आहे. चेकोस्लोव्हाकियातील टेरेझीन या किल्ल्याच्या गावात नाझींनी १९४१ च्या अखेरीस यहुद्यांसाठी छावणी उघडली. तेथे सुमारे ३३ हजार माणसे उपासमारीने आणि रोगांनी मेली. याहून किती तरी अधिक तेथून पूर्वेकडच्या मृत्यूछावण्यांत पाठविली गेली. त्या छावणीत काही बायकांनी आठवणीतल्या पाककृती कागदाच्या कपट्यांवर लिहून काढल्या आणि ते कागद हाताने शिवून त्यांची वही केली. मीना पेख्टर या बाईंनी ती वही आपल्या एका स्नेह्याच्या हाती दिली आणि पॅलेस्टाइनमध्ये असलेल्या आपल्या मुलीकडे पोचविण्यास सांगितले. १९४४ मध्ये, योम किप्पूरच्या उपवासाच्या दिवशी, त्या छावणीतच मरण पावल्या. स्नेह्याजवळ पत्ता नव्हता. वही हातोहात फिरत राहिली. मुलगी दरम्यान अमेरिकेस गेली होती. न्यूयॉर्कमध्ये ती वही मुलीच्या हाती पडली ती १९६९ साली, पंचवीस वर्षांनी. १९९६ मध्ये कारा डी सिल्व्हा यांच्या संपादनाने तिचे इंग्रजी पुस्तक झाले. भाषांतर करणाऱ्या बियांका स्टाइनर ब्राउन या स्वतः टेरेझीनमध्ये राहिलेल्या होत्या.

घरचे रांधणे, हाताने केलेली भेट आणि प्रवास, या तिन्ही गोष्टी येथे एका वस्तूत आल्या आहेत. आणि त्यांपैकी एकीचाही नेहमीचा अर्थ उरलेला नाही. रांधणे आहे, पण चूल नाही. भेट आहे, पण देणारी हयात नाही. प्रवास आहे, पण तो वहीचा आहे, माणसाचा नाही.

ही वही वाङ्मय आहे काय, असा प्रश्न विचारला जाणे साहजिक आहे. त्याला दोन उत्तरे घाईने दिली जातात. एक असे, की हा केवळ ऐतिहासिक दस्तऐवज आहे. त्याला वाङ्मयाचे निकष लावणे अनुचित होय. दुसरे असे, की हे दुःख इतके मोठे आहे, की त्याचा प्रत्येक अक्षर काव्यच मानावे. पहिले उत्तर कोरडे आहे आणि दुसरे सैल. दुःखाच्या प्रमाणावरून शब्दरचनेची योग्यता ठरत नाही; तसे ठरले असते तर समीक्षेची गरजच नव्हती. वहीतील शब्दांकडे पाहूनच काय ते ठरविले पाहिजे.

त्या शब्दांकडे पाहता तीन गोष्टी दिसतात. एक, कित्येक कृती अपुऱ्या आहेत. एखादा जिन्नस सुटला आहे, एखादी पायरी गळली आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकात हा दोष ठरला असता. येथे तो लिहिणारीच्या अवस्थेचा ठसा आहे. उपासाने आणि क्षीण झालेल्या स्मरणाने पाडलेली ती भोके आहेत. दोन, पदार्थ बहुतांशी समृद्धीचे आहेत. लोणी, अंडी, साखर यांची त्यांत रेलचेल आहे. भुकेल्या माणसाने साध्या भाकरीचे स्वप्न पाहावे हा आपला समज ही वही खोटा ठरविते. या बायका भुकेची नव्हे, पाहुणचाराची आठवण लिहीत होत्या. भरलेल्या अंड्यांच्या एका कृतीत तर सजावटीचे काम करणारीच्या कल्पनाशक्तीवर सोपविले आहे. उणेपणाच्या त्या जागी, जिच्या हाती हे कधी पडेल तिच्या कल्पनेवर विश्वास टाकला जावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तिसरी गोष्ट व्याकरणाची आहे आणि भाषांतराच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. पाककृतीला भूतकाळ नसतो. 'आम्ही असे करीत होतो' असे ती म्हणत नाही. 'असे करावे' असे म्हणते. आठवणींचे इतर सारे लेखन मागे पाहते. पाककृती पुढे पाहते. जिला उद्याचा भरवसा नाही अशा बाईने निवडलेला हा एकमेव रूपबंध असा आहे, की ज्यात तिला भविष्याशी बोलता आले. जुन्या जर्मन पाकपुस्तकांची रूढ शब्दयोजनाही 'घ्यावे' याच वळणाची आहे. इंग्रजीत तिची जागा सरळ आज्ञेने घेतली, की त्यातील एक छटा हरपते. मराठीला मात्र ही अडचण नाही. मराठीतील पाककृती परंपरेने विध्यर्थातच लिहिली जाते : साखर घ्यावी, लोणी फेसावे, मंद आचेवर ठेवावे. आणि विध्यर्थ हा कर्तव्य जसा दाखवितो तशी इच्छाही दाखवितो. या वहीचे मराठी भाषांतर झाले, तर 'लोणी घ्यावे' या साध्या वाक्यात नियम आणि कामना दोन्ही एकदम उभ्या राहतील. भाषांतराने मूळाचे काही हरवते, असे नेहमी म्हटले जाते. येथे भाषेच्या घडणीमुळेच मूळाचा गाभा अधिक उजळण्याचा संभव आहे.

५

मराठी वाचकाला हा सारा विषय दूर देशीचा वाटण्याचे मात्र कारण नाही. कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. नवगावजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. या समाजाचे वृत्त हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आणि ते १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाले. त्यात सणांची जुनी मराठी नावे आढळतात : खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा रोजा. हिब्रू पंचांगाचा परिचय क्षीण झालेल्या काळात या लोकांनी काळाचे गणित ताटावरून ठेवले. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दलचा उपवास, आणि त्याचे नाव वालाच्या बिरड्यावरून! त्या नावात विस्मृती आहे असे पंडित म्हणतील. वस्तुतः त्यात स्मरणाची एक निराळी पद्धत आहे. ग्रंथ हाती नसताना ज्याने दिवस ओळखता येईल असे काहीतरी या लोकांनी धरून ठेवले.

मुंबईत १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या 'हग्गादा' ग्रंथाचे मराठी भाषांतर हिब्रूसह छापले गेले. १८७४ मध्ये पुण्यास निघालेल्या आवृत्तीत लुगडे नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करीत असल्याचे चित्र आहे. मिसर देशातून निघण्याची कथा कोकणी बायकांच्या हातांनी लाटली जात आहे, असे ते चित्र होय. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने होणारा मलिद्याचा विधीही असाच. पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचे ते ताट. वल्हांडणाच्या रात्री जगभरच्या यहुदी घरांत ज्याच्यासाठी दार उघडतात त्या भटक्या संदेष्ट्याला येथे पोह्यांच्या ताटाशी बोलावले जाते; अलिबागजवळच्या खंडाळ्यातील खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी श्रद्धाही आहे.

१९४८ नंतरच्या काही दशकांत या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. मागे उरलेल्यांचे चित्र एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल' (२००६) या इंग्रजी कादंबरीत आहे. २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. अलिबागजवळील दांडा गावात राहणारी वृद्ध विधवा रेचल, इस्राएलला गेलेली तिची मुले, गावातील ओस पडलेले प्रार्थनामंदिर आणि त्या जमिनीवर डोळा ठेवणारी माणसे, असा तिचा विषय. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती दिलेली आहे.

ही योजना केवळ नावीन्याची हौस आहे काय? काही प्रमाणात तसा आक्षेप घेता येईल. प्रकरणाच्या माथ्यावर ठेवलेली कृती आणि खालची घटना यांचा सांधा सर्वत्र सारखा घट्ट नाही. जमिनीच्या व्यवहाराचे कथानक आपल्या गतीने पुढे सरकते आणि अशा वेळी पाककृती दारावरच्या तोरणासारखी वर राहते. परंतु जेथे रेचल रांधते, वाढते आणि त्या वाढण्यातून माणसे आपल्या बाजूला ओढते, तेथे कादंबरीला तिचा खरा स्वर सापडला आहे. या बाईजवळ सत्ता नाही, पैसा नाही. प्रार्थनेला लागणारी दहा पुरुषांची संख्याही गावात उरलेली नाही. तिच्याजवळ आहे ती फक्त पाहुण्याला बसवून घेण्याची शक्ती. मंदिर झाडून ठेवणे आणि चूल पेटती ठेवणे ही दोन कामे ती एकाच हाताने करते. धर्मस्थळ कशाने जिवंत राहते, या प्रश्नाला कादंबरीने दिलेले उत्तर या कामांत आहे, कोर्टकज्जात नाही.

येथे श. य. अग्नोन याच्या १९३९ मधील 'रात्रीचा पाहुणा' या हिब्रू कादंबरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९६६ च्या नोबेल पारितोषिकाच्या या मानकऱ्याने जेरुसलेमहून आपल्या जन्मगावी परतलेल्या एका माणसाची कथा सांगितली आहे. त्याच्या हाती जुन्या पाठशाळेची किल्ली येते. तो ती हरवतो, नवी करून घेतो; आणि जेरुसलेमला परतल्यावर मूळ किल्ली त्याच्याच सामानात सापडते. अग्नोनचा नायक पाहुणा आहे. किल्ली त्याच्या हाती असूनही घर त्याचे होत नाही. रेचल कोठेही गेलेली नाही. अग्नोनची कादंबरी अधिक खोल आहे, हे मान्य केलेच पाहिजे; परंतु निघून गेलेल्यांविषयी वाङ्मय पुष्कळ लिहिले जाते, मागे राहून दार उघडे ठेवणाऱ्यांविषयी फार थोडे. एस्थर डेव्हिड यांचे यश त्या थोड्यांत आहे.

६

आता भाषांतराचा प्रश्न. इंग्रजी कादंबरीला बिरडे, मलिदा, चिकाचा हलवा हे शब्द समजावून सांगावे लागतात. मराठीत त्यांना स्पष्टीकरणाची गरज नाही. ते घरी परत येतात. म्हणून अशा पुस्तकाचे मराठी भाषांतर सोपे, असे वाटण्याचा संभव आहे. वास्तविक ते अधिक अवघड आहे. इंग्रजी वाचकाला सारेच अपरिचित असते, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी थांबतो. मराठी वाचक कोठेच थांबणार नाही, आणि थांबला नाही तर त्याच्या हातून मुख्य गोष्ट निसटेल.

बेने इस्राएल घरातील मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध असते. कोकणच्या वाचकाला त्यात आपल्या गावची चव आढळेल आणि तो पुढे जाईल. पण त्या घरात नारळाच्या दुधाला आणखी एक कारण आहे : मांस आणि जनावराचे दूध एकत्र येऊ नये ही शास्त्राची आज्ञा. रोश हशाना या नववर्षाच्या सणाला होणारा चिकाचा हलवा नारळाच्या दुधात शिजतो, म्हणून तो मांसाच्या जेवणानंतरही चालतो. शेजाऱ्याच्या आणि त्यांच्या पातेल्यात जिन्नस एकच. शेजारी तो रुचीसाठी घालतो, हे रुचीसाठीही घालतात आणि आज्ञेसाठीही. चव सामाईक, हेतू निराळा. शतकानुशतके शेजारी राहून वेगळे राहण्याची ही रीत कोणत्याही भिंतीपेक्षा सभ्य आणि टिकाऊ ठरली. भाषांतरकाराने ती चव मराठीत आणली आणि तो हेतू हरवू दिला, तर त्याने शब्द बिनचूक दिले आणि पुस्तक मात्र गमावले, असे होईल. येथे टीपा देऊन भागणार नाही. वाक्याच्या ठेवणीतूनच, रांधणारी बाई हात आखडते कोठे आणि सोडते कोठे, हे जाणवले पाहिजे.

आपल्या वाङ्मयातही या दृष्टीचा अभाव नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाचे जे चित्र आहे, ते कोणी वातावरण म्हणून वाचीत नाही; घरातील बायकांवर त्या सोवळ्याने काय लादले, हे त्यातून उमगते. म्हणजे स्वयंपाकघरातील नियमाला अर्थ असतो हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. शेजारच्या घरातील नियमालाही तसाच अर्थ असतो, एवढेच त्याने ध्यानात घ्यावयाचे आहे.

नित्यजीवनाचे वाङ्मय थोर ठरते ते त्यातील वस्तू ओळखीच्या असल्यामुळे नव्हे, आणि अनोळखी असल्यामुळेही नव्हे. वस्तूवर पडलेला माणसांच्या व्यवहाराचा भार लेखकाने किती पेलला, यावर ते अवलंबून असते. दोन मोलकरणींच्या हातांतील उणी झालेली ताटे, तेव्येच्या घरची घावने, टेरेझीनची शिवलेली वही आणि दांड्यातील एका विधवेची चूल यांना एकत्र आणणारे सूत्र तेवढेच आहे. यांपैकी प्रत्येक अन्न कोणीतरी दुसऱ्यासाठी केलेले आहे, आणि त्याला घरापासून त्या दुसऱ्यापर्यंत जावयाचे आहे. ते पोचते की नाही, पोचले तर कोणत्या अवस्थेत पोचते, यातच कथा आहे. भाषांतराचे कामही याहून फारसे निराळे नाही. तेही एका घरी रांधलेले दुसऱ्या घरी नेणे आहे. आणि वाटेत ताट उणे झाले तर त्याचा जाब नेणाऱ्यालाच द्यावा लागतो.